बारावं गलबत

ईदच्या जेवणाला टेबलावर फोन आणायचा नाही हा नियम तिजानी कम्मूनने स्वतःच घातला होता, आणि यंदा तो पहिल्यांदा मोडलाही त्यानेच. फोन त्याच्या डाव्या मांडीवर, रुमालाखाली होता. समोर बसलेल्या बहिणीला, सालहाला, तो दिसला नाही, कारण तिचा फोन उजव्या मांडीवर टेबलक्लॉथखाली होता आणि तिचं सगळं लक्ष तिकडे लागलं होतं.

तीनला दहा मिनिटं कमी होती. खारवलेला मासा अर्धा संपला होता. कांदा आणि मनुका दोन दिवस मंद आचेवर आटवून केलेल्या शर्मूल्याचं भांडं मात्र भरलेलंच होतं, कारण तिजानीची बायको मनूबिया ते दर पाच मिनिटांनी भरत होती.

"सालहा, घे ना गं. ताटात नुसती भाकरी चिवडतेयस."

"घेते, मनूबिया."

"सकाळपासून 'घेते' म्हणतेयस."

सालहाने एक घास घेतला आणि खाली पाहिलं. बावीस युरो. पन्नास मिनिटं बाकी.

सालहाने चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि भावाच्या वेडाबद्दल तिचं मत तिने कधी लपवलं नव्हतं. तिजानीच्या खोलीतल्या खणात अकरा नाणी होती. सगळी एकाच प्रकारची: एकोणीसशे एकोणसत्तरचा चांदीचा दिनार, त्यावर फिनिशियन गलबत. चलनासाठी नव्हे, संग्रहासाठी पाडलेली, आरशासारख्या पृष्ठभागाची, ज्यांना संग्राहक 'प्रूफ' म्हणतात ती. आणि सगळी खराब. कुणावर पिवळी-जांभळी झाक, कुणाची कड ठेचलेली, एकाला कुणीतरी साखळीत ओवायला भोक पाडलेलं. लिलावाच्या संकेतस्थळांवर असला माल स्वस्तात सुटतो. निर्दोष नाण्याच्या अर्ध्या, कधी तिसऱ्या हिश्शात.

स्वस्त म्हणून तो ती घेत नव्हता. एकोणसत्तरच्या पुरात बंदरावरच्या ज्या तिघांनी गोदामात अडकलेली माणसं बाहेर काढली, त्यांना असं एकेक नाणं मिळालं होतं. त्यांत तिजानी-सालहाचे बाबा होते. दर शुक्रवारी नमाजानंतर बाबा ती निळी डबी उघडून बघत आणि मिटत. चौऱ्याहत्तर साली वीस वर्षांच्या तिजानीने ते नाणं एका परदेशी माणसाला विकलं, मार्सेलचं बोटीचं तिकीट काढलं आणि नऊ वर्षं घरी आला नाही. बाबा एक्याण्णवला गेले. नाण्याबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नव्हता. घरातल्या सगळ्यांना तो अजून ऐकू येत होता.

"खूया," सालहा भावाला याच हाकेने वर्षानुवर्षं सांगत आली होती, "एका साच्यातून हजारो नाणी निघतात. तुला बाबांचंच सापडलं, हे तुला कळणार कशावरून?"

"कळेल," तो म्हणायचा.

"हे उत्तर नाही. ही इच्छा आहे."

चार दिवसांपूर्वी, त्याची खोड काढायला काही मिळतं का म्हणून ती त्या संकेतस्थळावर गेली आणि बेल्जियममधल्या एका विक्रेत्याची नोंद तिच्या नजरेला पडली. 'डागाळलेलं. बोटाचा ठसा. आहे त्या स्थितीत.' फोटो ठीक होता. कडेपासून आत सोनेरी, मग किरमिजी, मग निळा रंग चढत गेला होता. लोक याला चांदीचं वय म्हणतात. सालहाच्या लेखी ती सल्फाइडच्या थराची जाडी होती. तिला थबकवलं ते रंगांनी नाही. मोकळ्या जागेतल्या ठशाने. घामातले क्षार आणि तेल चांदीवर लगेच दिसत नाहीत. त्यांना वर यायला वर्षं लागतात. ठसा स्पष्ट होता. आणि फार लहान होता.

पुढचे चार दिवस तिने जे केलं ते ती कुणालाही सांगणार नव्हती. भिंगाखाली, शाईच्या पॅडवर, मोजपट्टी घेऊन केलेलं ते काम होतं, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष तिला इतका हवासा वाटत होता की तेवढ्याच कारणासाठी तिचा त्याच्यावर विश्वास बसेना.

इथल्या दिनारांत परदेशी लिलावात बोली लावता येत नाही. ज्याचं कुणी फ्रान्समध्ये आहे, तो त्याच्याकरवी लावतो. सालहाची मुलगी दोर्रा ल्यॉंला होती.

"ऐंशी युरो," सालहाने तिला बजावलं होतं. "त्यावर एक सेंटही नाही. शेवटी माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. तेव्हा मी स्वतः फोन करून रडले, तरी ऐकायचं नाही."

"उम्मी, तू रडणार?"

"शक्यता कमी आहे. पण नियम शक्यतेसाठीच करतात."

मांडीवर फोन थरथरला. दोर्राचा निरोप: 'तीस लावले. लगेच कुणीतरी एकतीस.'

"च्!" सालहाच्या तोंडून निघालं.

"काटा लागला का?" तिजानीने आपुलकीने विचारलं. त्याचा चेहरा विलक्षण प्रसन्न होता.

*

तिजानीला कारणच तसं होतं. त्याच्या मुलाने, अनीसने, मार्सेलहून कळवलं होतं: 'आघाडीवर आपण. एकतीस.' मग: 'कोणीतरी चाळीस लावले. आपण एकेचाळीस.' मग: 'बाबा, हा कुणी येडा आहे. पन्नास!'

त्याने पाण्याचा घोट घेतला. सत्तराव्या वर्षी छाती अशी धडधडणं बरं नव्हे, असं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्या डॉक्टरांनी कधी लिलावात बोली लावली नसावी. अकरा नाण्यांसाठी त्याने असा फोन मांडीवर धरला होता आणि अकराही वेळा मनात कुठेतरी ठाऊक होतं की हे ते नव्हे. या वेळी फोटो उघडताच त्याने तो मोठा करून पाहिला होता. तो डाग त्याने आधी पाहिला होता. पन्नास वर्षांपूर्वी, बंदरासमोरच्या कॅफेत, दुसऱ्याच माणसाच्या तळहातावर.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मास्तरीणबाईंना तर नाहीच. तिने लगेच विचारलं असतं: 'पुरावा?'

"कोण हा गाढव," तो पुटपुटला.

"कोण?" सालहाने विचारलं.

"कोणी नाही. मासा खारट झालाय."

"खारवलेलाच आहे तो," मनूबिया म्हणाली.

*

मनूबिया भरल्या घरात चाळीस वर्षं वाढपी म्हणून वावरली होती, आणि वाढणाऱ्याला टेबलावरचं सगळं वरून दिसतं. सालहाची मांडी गुरगुरली. सालहाने खाली पाहिलं, ओठ आवळले, काहीतरी टाइप केलं. पाच सेकंदांनी तिजानीची मांडी गुरगुरली. त्याने खाली पाहिलं, हसला, काहीतरी टाइप केलं. पाच सेकंदांनी पुन्हा सालहाची.

शर्मूल्याचा डाव हातात तसाच धरून तिने हे चार वेळा पाहिलं.

तिला नाण्याचा फोटो ठाऊक होता. चार दिवस नवऱ्याच्या उशाशी होता तो. त्या फोटोकडे तिला नीट बघवत नव्हतं, त्याचं कारण वेगळं होतं. मागच्या ईदच्या आदल्या दिवशी तिने घरातली सगळी चांदी उजळली होती: गुलाबदाणी, कॉफीची तबकं, सासूबाईंच्या बांगड्या. सणाला काळी चांदी घरात ठेवणं या घराण्यात कधी झालं नव्हतं. त्या झपाट्यात तिने खणातली अकराही नाणी काढली आणि खायचा सोडा नि लिंबू लावून अशी लख्ख केली की त्यांत तोंड पाहावं. संध्याकाळी तिजानीने खण उघडला. तो ओरडला नाही. पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "यातलं एखादं असेल, मनूबिया. आता मला कधीच कळणार नाही."

त्या दिवसापासून सोड्याचा डबा हातात घेतला की तिला ते वाक्य ऐकू यायचं. हे बारावं खरोखर बाबांचं निघालं, तर त्या अकरांत ते नव्हतं. मग तिच्या हातून काही पुसलं गेलं नव्हतं.

फोन पुन्हा गुरगुरले. आधी एक, मग दुसरा.

"मी काय म्हणते," मनूबियाने डाव भांड्यात ठेवला. "तुम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांचे खिसे कापताय का?"

दोघांनी वर पाहिलं.

"सालहा, फोन वर ठेव. तिजानी, तूपण. तुझाच नियम आहे ना? ठेव!"

दोन फोन शर्मूल्याच्या भांड्याच्या दोन बाजूंना आले. दोन्हींवर एकच गलबत होतं.

तिजानीने बहिणीकडे बोट रोखलं. "तो गाढव तू?"

"आणि तो मूर्ख तू? तीसवर एकतीस, चाळीसवर एकेचाळीस! मी समजले कुणी यंत्र लावून बसलंय!"

"पस्तीसला सुटलं असतं गं! चौऱ्याहत्तरवर नेलंस तू!"

"मी एकटीने नेलं? बोलीला दोन बाजू लागतात, खूया. एका बाजूने भाव चढत नाही."

"पण तू का? तू तर मला वेडा म्हणतेस. अकरा वर्षं म्हणतेस!"

सालहाने उत्तराऐवजी आपला फोन उचलला.

*

सालहाने मुलीला फोन लावला. "दोर्रा, थांब. समोरचा तुझा मामा आहे."

पलीकडे हसण्याचा स्फोट झाला. "म्हणजे मी अनीसशी लढत होते? सकाळी त्याला ईदच्या शुभेच्छा दिल्या मी!"

"थांब म्हटलं ना. लावू नकोस काही." तिने फोन ठेवला आणि भावाकडे वळली. "आता बोल. हेच नाणं का? रंगावरून म्हणशील तर मी उठून जाईन."

"डागावरून."

"फोटोत पाहिलास म्हणून म्हणतोस."

"आधी पाहिलाय."

"थांब. काही बोलू नकोस." तिने दोन्ही फोन पालथे केले. एक रिकामी बशी त्याच्यासमोर सरकवली आणि वाटीतला एक बदाम उचलून त्याच्या हातात दिला. "बशी म्हणजे नाणं, बदाम म्हणजे डाग. गलबत उजवीकडे तोंड करून. आता चार दिवसांपूर्वीचा फोटो विसर. चौऱ्याहत्तरमधलं सांग. फोटोत न दिसणारं काही सांग."

तिजानीने बदाम बोटांत फिरवला. तिची ही परीक्षकाची नजर त्याला नेहमी खुपायची. आज ती त्याला आधारासारखी वाटली.

"तो माणूस कॅफेत उन्हाकडे तोंड करून बसला होता," तो म्हणाला. "नाणं तिरपं धरलं तरच डाग दिसत होता. सरळ धरलं की नाहीसा. भुरकट, श्वास सोडल्यावर काचेवर येतं तसं. तो म्हणाला, कुठल्या पोराने हात लावलाय याला, आणि अर्धीच किंमत दिली. मला वाटलं पाडून मागतोय. म्हणून मी पण तिरपं करून पाहिलं." त्याने बदाम बशीत ठेवला, गलबताच्या नाळेपुढे, जिथे समुद्राची मोकळी जागा असते तिथे, थोडा वर. मग बोटाने तो किंचित कलता केला. "असा. वर टोक, डावीकडे झुकलेला."

सालहाने फोन उलटा केला. बशीकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे.

"जागा फोटोतही दिसते," ती म्हणाली, पण तिचा आवाज कोरडा राहिला नव्हता. "पण पोराने, असं म्हणाला तो? 'पोराने' म्हणाला?"

"हो. का?"

"नोंदीत तसं लिहिलेलं नाही. नुसतं 'बोटाचा ठसा' लिहिलंय. आकार मोजल्याशिवाय ते कळत नाही."

"तू मोजलास?"

तेवढ्यात मनूबिया ओरडली. तिने तिजानीचा फोन हातात घेतला होता. "अरे हा कोण? तिसरा कोणी आलाय! शहाण्णव!"

तिघांची डोकी एकत्र आली. सहा मिनिटं. बोली लावणारा नवा होता, आणि अनीसचं नाव खाली गेलं होतं.

"अनीसने नव्वदची मर्यादा लावली होती," तिजानी म्हणाला. "गाढवाला सांगितलं होतं, कितीही जाऊ दे! म्हणाला, बाबा, तुमची अकरा झाली आता, मी तुम्हाला नव्वदपलीकडे जाऊ देणार नाही..."

"लाव त्याला फोन!"

फोन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. तिसऱ्यांदा.

"कोणाशी बोलतोय हा?"

मनूबियाने कपाळाला हात लावला. "माझी बहीण. ग्राब्स गावाहून. साडेतीन वाजता त्याला ईदचा फोन करते दरवर्षी. गाईचं आजारपण सांगितल्याशिवाय ठेवत नाही ती."

"मग तुझ्या बहिणीला फोन लाव!"

"ती त्याच्याशीच बोलतेय ना! दोन्हीकडे व्यस्तच येणार!"

"निरोप टाक! अक्षरं मोठी टाक!" तिजानी खुर्चीतून उठला होता. तीन मिनिटं चाळीस सेकंद. टाकलेला निरोप तिकडे वाचला जात नव्हता.

सालहाने दोर्राला लावला आणि फोन टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"दोर्रा, लाव. एकशेदहा."

"उम्मी, ऐंशी."

"ते सोड आता. परिस्थिती बदललीय."

"तूच म्हणाली होतीस, शेवटी माणूस असंच म्हणतो."

तिजानीने दोन्ही हात डोक्यावर घेतले. मनूबियाने भांड्यातला डाव उचलला. का उचलला, तिलाही सांगता आलं नसतं.

"दोर्रा, तुझी आई सांगतेय!"

"माझ्या आईनेच सांगितलं होतं, आई सांगेल तरी ऐकायचं नाही. डोकं ठिकाणावर नसेल म्हणे. काही नवा पुरावा असेल तर बोल. नाहीतर मी नाही लावणार. मला तूच असं वाढवलंयस."

दोन मिनिटं दहा सेकंद.

सालहाने डोळे मिटले. सबळ पुराव्याशिवाय तिने आयुष्यात जाहीर विधान केलं नव्हतं, आणि हा पुरावा सबळ नव्हता. फोटो पुरेसा सूक्ष्म नव्हता. रेषांच्या खुणा सात जुळल्या होत्या. तिला बारा हव्या होत्या.

"तो ठसा माझा आहे," ती म्हणाली.

तिजानीचे हात डोक्यावरून खाली आले.

"मी सहा वर्षांची होते. बाबा ओट्यावर नमाजाआधीच्या वजूला हातपाय धूत होते आणि डबी उघडी राहिली होती. आरशासारखं होतं ते. मला माझा चेहरा दिसला, म्हणून मी अंगठा टेकवला. फ्रॉकने पुसलं. गेलं, असं वाटलं मला. गेलं नव्हतं. चांदीवरून ते जात नाही, सावकाश वर येतं. माणूस वाढला की अंगठा मोठा होतो, पण रेषा त्याच राहतात. मी चार दिवस माझा अंगठा शाईत बुडवून बघतेय, दोर्रा. सात खुणा जुळल्यात. आणि तुझ्या मामाला पन्नास वर्षांपूर्वी अर्धी किंमत मिळाली, ती त्या पोरामुळे. ते पोर मी आहे. आता लाव!"

"किती?" दोर्राचा आवाज बदलला होता.

"कितीही!"

कीबोर्डची टकटक. "एकशेदहा. तो एकशेपंधरा."

"लाव!"

"एकशेतीस. तो... थांब. तो थांबलाय. चाळीस सेकंद."

"दीडशेची मर्यादा लावून ठेव!" तिजानी गरजला. "तो शेवटच्या क्षणी येईल! ते असेच येतात! माझी तीन अशीच नेलीत!"

"दीडशे लावले. वीस सेकंद. मामा, ओरडू नका, आकडा चुकेल माझा."

मनूबिया सेकंद मोठ्याने उलटे मोजू लागली. डावातून शर्मूला टेबलक्लॉथवर ठिबकत होता. सहाव्या सेकंदाला समोरून एकशेएकोणपन्नास आले. चौथ्याला काही नाही. दुसऱ्याला काही नाही.

"मिळालं!" दोर्रा किंचाळली. "उम्मी, मिळालं! मामा! एकशेपन्नास! मिळालं आपल्याला!"

मनूबियाने डाव हवेत उडवला. सालहा उभी होती आणि हसत होती; तिचा चष्मा शर्मूल्याच्या भांड्यात पडला होता. शेजारच्या घरातून कुणीतरी खिडकीतून विचारलं, काय झालं, मुलगा झाला का. "गलबत झालं!" तिजानीने ओरडून सांगितलं.

मग अनीसचा फोन आला. "बाबा, काय झालं? मावशी गाईचं सांगत होती..."

"काही नाही, बेटा," तिजानी म्हणाला. "तू मावशीशी बोल."

*

चहा झाला, तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं. मनूबिया भांडी घासत होती. दोघं भाऊबहीण टेबलापाशीच बसले होते.

"हात दे," तिजानी म्हणाला.

सालहाने उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या कडेला शाई अजून राहिली होती. त्याने तो उन्हात तिरपा धरून पाहिला, त्या दिवशी कॅफेत नाणं पाहिलं होतं तसा.

"त्या माणसाने अर्धे पैसे दिले म्हणून तिकीट मार्सेलपर्यंतच निघालं," तो म्हणाला. "मला कॅनडाला जायचं होतं. तिकडे गेलो असतो तर परत आलो नसतो."

"हे सिद्ध करता येणार नाही, खूया."

"नाही येणार." त्याने तिचा हात सोडला नाही. "तुला एक विचारू? बाबा दर शुक्रवारी ती डबी उघडायचे. चार वर्षं. नाणं तिरपं करूनच बघायचे, आठवतंय? मला वाटायचं, चकाकी बघतात."

सालहाने अंगठ्यावरच्या शाईकडे पाहिलं.

"त्यांनी एकदाही पुसलं नाही ते," तिजानी म्हणाला. "हे विकणाऱ्याने सांगितलेलं नाही. हे नाण्यावरच आहे."

सालहाने यावर हरकत घेता येते का ते पाहिलं. चार वर्षांत ठसा कितपत वर आला असेल, हा प्रश्न होता. त्या भुरकटपणावरून पोराचं बोट ओळखता येत होतं का, हाही होता. परदेशी माणसाला आलं होतं. मग रोज त्या पोराचे हात धुणाऱ्याला का येऊ नये?

"ग्राह्य धरते," ती म्हणाली, आणि चष्म्यावरचा शर्मूला ओढणीने पुसत बसली, बराच वेळ.

निघताना मनूबिया दारापर्यंत आली. तिच्या हातात बकलाव्याचा डबा होता आणि त्यावर आणखी एक डबा, पत्र्याचा, झाकण घट्ट लावलेला.

"हे काय?"

"खायचा सोडा. तुझ्याकडे ठेव. दोर्रा उन्हाळ्यात नाणं घेऊन येईल, तेव्हा मी घरात असेन."

"आणि केकला?"

"केक विकत आणू," मनूबिया म्हणाली आणि तो डबा दोन्ही हातांनी सालहाच्या पिशवीत, तळाशी दाबून बसवला.